अलास्कात मासे धरायला जाताना छातीवर काय बांधावं

अलास्कातल्या रशियन नावाच्या नदीवर सामन धरायला निघालेला नवा मराठी माणूस मला हमखास विचारतो, "दादा, अस्वलासाठी कुठलं पिस्तूल घेऊ?" मी आधी त्याच्या पट्ट्याकडे बघतो. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, हाताशी नसेल, तर पिस्तुलाचं नंतर बोलू. पहिल्या वर्षी माझा स्प्रे सॅकच्या तळाशी, थालीपिठांच्या डब्याखाली होता आणि तपकिरी अस्वल वीस पावलांवर. मासा तोंडात धरून ते निघून गेलं, माझं नशीब.

दुसरं, व्हिसा. वर्क व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना असल्याशिवाय हत्यार जवळ बाळगणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही.

मी फसलो तो वजनाला भुलून. जेमतेम ७०० ग्रॅमचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतलं. रेंजवर ३०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चार गोळ्या झाडल्या आणि पाचव्याला चक्रच फिरेना. धक्क्यानं उरलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकून बाहेर डोकावत होती, तीच अडकली. वर अंगठ्याचा बेचका असा सुजला की दोन दिवस भाकरी थापता आली नाही.

रिव्हॉल्व्हरच हवं तर जड, स्टेनलेस घ्या. रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन अडीच इंची नळीचं, सव्वा किलोच्या आसपास, सहा गोळ्यांचं. मी मात्र ग्लॉक २० या पिस्तुलावर आलो. १० एमएम, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. ग्रीनलंडमधली सिरियस गस्त, म्हणजे डेन्मार्कच्या लष्कराची कुत्र्यांच्या गाड्यांवरची तुकडी, ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगते. ताकदीत .४४ वरचढ, पण माझी दुसरी गोळी ग्लॉकनं लवकर आणि नेमकी बसते. तुमचं तुम्ही तपासा: सात यार्डांवर जेवणाची कागदी प्लेट लावा, पिस्तूल म्यानातून काढून तीन गोळ्या झाडा. ज्यानं तिन्ही लवकर प्लेटवर बसतील, ते तुमचं. ग्लॉकची एक उणीव मात्र लक्षात ठेवा. अस्वल अंगावर येऊन नळी त्याच्या अंगात दाबली गेली, तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे सरकते आणि गोळी सुटत नाही. रिव्हॉल्व्हर तिथेही सुटतं.

गोळी पोकळ टोकाची नको, ती लवकर फुलते आणि खोल जात नाही. कठीण शिशाची, चपट्या टोकाची, २०० ते २२० ग्रेनची घ्या. ग्लॉकच्या मूळ नळीत शिसं साचतं, म्हणून कंपनी ते वापरू नका म्हणते. मी आतून साध्या खाचांची वेगळी नळी बसवली. जी गोळी जंगलात नेणार, तीच रेंजवर निदान शंभर झाडून बघा.

म्यान छातीवरच. वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) आणि सॅकचा पट्टा कमर झाकून टाकतात. चामड्याचं नको, ते पाणी धरून ठेवतं. आणि घरी आल्यावर चहा ठेवायच्या आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामं बघा आणि पुसायला घ्या.