बायोफ्लॉक टाकीत मासे तोंड वर काढू लागले, त्यावर केलेला उपाय

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (2020) बायोफ्लॉकला, म्हणजे टाकीतल्या पाण्यात जिवाणूंचे पुंजके (फ्लॉक) वाढवून त्यांच्याकरवी घाण जिरवत मासे पाळण्याच्या पद्धतीला, सर्वसाधारण गटासाठी 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 60 टक्के अनुदान आहे. पण टाकी उभी राहिली की खरी परीक्षा पाण्याची.

टाकी 4 मीटर व्यासाची, पाणी 1 मीटर, म्हणजे साधारण 12,500 लिटर. तिलापिया मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते, म्हणजे ऑक्सिजन कमी पडत होता. आधी खाद्य बंद केलं. मग एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) वर काढले. त्यांवर बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी थर होता, बुडबुडे एकाच बाजूने येत होते. घासून, वाळवून परत लावले.

फ्लॉक किती झालाय ते बघायला लिटरभर पाणी मापाच्या खुणा असलेल्या शंकूच्या भांड्यात अर्धा तास ठेवलं. गाळ 60 मिली बसला. 25 ते 40 पुरे. जास्त फ्लॉक माशांचाच ऑक्सिजन खातो. तळातून गाळ सोडला आणि तेवढंच मुरवलेलं ताजं पाणी घातलं.

एकूण अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे टाकीत 25 ग्रॅम. गुळावर जिवाणू वाढतात आणि हा विषारी अमोनिया वापरून टाकतात. म्हणून अमोनियाच्या ग्रॅमला 15 ग्रॅम गूळ धरून पावणेचारशे ग्रॅम विरघळवून दिला, तोही ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅमवर आल्यावरच. आधी दिला असता तर जिवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजनही संपवला असता. अंदाजाने किलोभर गूळ ओतायची सवय इथेच नडते.

एअरस्टोनना हवा पुरवणाऱ्या ब्लोअरला इन्व्हर्टर जोडलाय. बायोफ्लॉकमध्ये कंजुषी करायची ती जागा ही नव्हे.