मेगा ड्राइव्हचं कोणतं मॉडेल चांगलं वाजतं ते घरच्या घरी कसं तपासायचं

सेगाचं मेगा ड्राइव्ह हे व्हिडिओ गेमचं कन्सोल, म्हणजे अमेरिकेतलं जेनेसिस, १९८८ ला जपानात आलं आणि पुढे आतला बोर्ड इतक्या वेळा बदलला की बाहेरून जुळे भाऊ वाटणारे दोन डबेसुद्धा वेगळे वाजू शकतात. माझ्याकडे एक मॉडेल १ आणि एक मॉडेल २ आहे, आणि गेल्या वर्षी एक अख्खा रविवार घालवून मी इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या सगळ्या मित्रांना सांगत सुटलो की मॉडेल २ च भारी, लोक उगाच जुन्याचं कौतुक करतात. दोन दिवसांनी लक्षात आलं की मॉडेल १ ची वायर मी मागच्या एव्ही (टीव्हीला जोडायच्या) सॉकेटात लावली होती, तिथून आवाज मोनोच येतो, स्टेरिओ फक्त पुढच्या हेडफोन जॅकमधून. मॉडेल २ ला मात्र मागूनच स्टेरिओ मिळतो. म्हणजे मी बोर्ड नाही, सॉकेट तपासत होतो यार!

तर आधी सॉकेट नीट करा. मॉडेल १ चा हेडफोन जॅक घ्या आणि ती सरकवायची व्हॉल्यूमपट्टी एका जागी ठेवून बाजूला सेलोटेपने खूण करा, नाहीतर दरवेळी लेव्हल बदलेल. पट्टी सरकवताना खरखर होत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. रेकॉर्डिंगला लॅपटॉपचा माइक जॅक नको, तो बहुतेक मोनो असतो, लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, आमच्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारलं की मिळतं, फक्त दुकानदार माइकवालंच पुढे करतो ते नीट बघून घ्या.

अडॅप्टरचं मात्र सांभाळा. मॉडेल १ ला ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह, मॉडेल २ ला १० व्होल्ट आणि मधली पॉझिटिव्ह, प्लगपण वेगळा. पिना बदलता येणारा युनिव्हर्सल अडॅप्टर वापरत असाल तर ध्रुव उलटा जायला एक क्षण लागतो. आणि अमेरिकेहून आलेला ओरिजिनल अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला तो थेट लावलात तर वासानेच कळेल.

मग बोर्ड ओळखा. झाकण उघडलंत तर पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर, व्हीए आणि पुढे आकडा छापलेला असतो. उघडायचं नसेल तर मॉडेल १ चालू करा, सुरुवातीला काळ्या पडद्यावर सेगाच्या लायसन्सची ओळ येत नसेल तर तो व्हीए ६ च्या आधीचा, म्हणजे चांगल्या आवाजाचा बोर्ड, निवांत राहा. ओळ येत असेल तर व्हीए ६ किंवा व्हीए ७, आणि व्हीए ७ आवाजासाठी बदनाम आहे. मॉडेल २ मध्ये सुरुवातीचे बोर्ड फाटक्या आवाजाचे, शेवटचे व्हीए ३ आणि व्हीए ४ बरेच सुधारलेले.

फरक येतो कुठून? जुन्यात यामाहाची वायएम २६१२ ही सुटी चिप आहे, तिच्या डीएसीत (आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागात) एक खोट आहे, हळू आवाजातले सूर थोडे मोठे आणि करकरीत होतात, त्याला लॅडर इफेक्ट म्हणतात, आणि काही लोकांना तीच चव आवडते. नंतरच्या बऱ्याच बोर्डांत चिप वायएम ३४३८ जातीची, ती स्वच्छ. पण मॉडेल २ ची बदनामी चिपमुळे कमी आणि पुढच्या ॲम्प्लिफायर सर्किटमुळे जास्त आहे. कपॅसिटरही तिसेक वर्षं जुने असतात, एका डब्यात नवे आणि दुसऱ्यात जुने असतील तर तुलना बाद.

ऐकायला सोनिकच्या पहिल्या गेमचं कॅसेट घ्या, तेच कॅसेट दोन्हीत, आणि दोन्ही कन्सोल एकाच रीजनचे, म्हणजे एकाच भागात विकलेले, नाहीतर पॅल या टीव्ही पद्धतीच्या कन्सोलवर संगीत ५० हर्ट्झमुळे आपोआप रेंगाळतं. आता रिंग गोळा करा. टिंग एकदा डाव्या कानात, एकदा उजव्यात वाजायला हवी, दोन्हीकडे सारखी आली तर वायर मोनो आहे, तिथेच थांबा (हे मला रविवारी कोणी सांगितलं असतं तर!). मग उडी मारा. उडीचा तो सरसर आवाज पीएसजीचा (कन्सोलमधल्या दुसऱ्या, साध्या आवाजाच्या भागाचा) आणि मागचा बेस एफएमचा, म्हणजे त्या यामाहा चिपचा, त्यामुळे दोघांचा तोल इथे उघडा पडतो, वाईट बोर्डवर उडी कानात टोचते आणि बेस उशीखालून आल्यासारखा येतो. शेवटी पॉज करून आवाज वाढवा, जी घूं ऐकू येते ती बोर्डची स्वतःची.

दोन्ही रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून लाउडनेस सारखा करा, जे किंचित मोठं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं हो. आणि फाइलींची नावं दुसऱ्या कोणाला तरी बदलायला लावा. माझ्या आतेभावाने 'पोहे' आणि 'जलेबी' अशी ठेवली, मी चार वेळा ऐकून छातीठोक 'पोहे' म्हणजे मॉडेल १ असं सांगितलं, आणि ते निघालं मॉडेल १ च, पण फक्त उडीमुळे, नुसतं गाणं ऐकून तर मला दोनदा काहीच ओळखता आलं नव्हतं.