ऑनलाइन सांघिक निर्णय-सिम्युलेशन : पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांसाठी

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हल्ली एखादे तरी ऑनलाइन सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या काल्पनिक प्रसंगात गटाने निर्णय घेण्याचा सराव, असतेच, आणि पहिल्यांदा त्यात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांचा समज असा असतो की ही संगणकावरची एक परीक्षाच आहे. ज्याचे गणित पक्के, त्याचा गट पुढे. कोल्हापुरात एम.बी.ए. करताना मी अशा सिम्युलेशनमध्ये भाग घेतला आणि पुढे धाकट्या तुकड्यांच्या फेऱ्यांना निरीक्षक म्हणून बसलो. त्यावरून माझे मत निराळे झाले आहे. गणित दहावीच्या पलीकडचे क्वचितच लागते. गट मागे पडतो तो बहुतेक वेळा या कारणाने की, कोणा एकाच्या पदरात असलेली माहिती निर्णय होण्यापूर्वी बाकीच्यांसमोर आलेलीच नसते.

एव्हरेस्टवरील चढाईचे सिम्युलेशन या बाबतीत नमुनेदार आहे. हार्वर्ड बिझनेस पब्लिशिंगचे हे सिम्युलेशन मायकेल रॉबर्टो आणि एमी एडमंडसन यांनी रचलेले असून जगभरातील व्यवस्थापन संस्थांत वापरले जाते. पाच जणांच्या गटात एक नेता, एक डॉक्टर, एक छायाचित्रकार, एक पर्यावरणवादी आणि एक मॅरेथॉन धावपटू अशा भूमिका असतात. शिखरापर्यंतच्या प्रवासात मुक्काम कुठे करायचा, पुढच्या कॅम्पला कधी निघायचे, कोणी थांबायचे, हे फेरीगणिक ठरवावे लागते, आणि मधूनमधून प्रकृती, हवामान व प्राणवायू यांविषयीचे पेच समोर येतात. खरी गोम अशी की प्रत्येक भूमिकेच्या पडद्यावर काही माहिती सर्वांना सारखी दिसते आणि काही फक्त त्या एकालाच दिसते. शिवाय प्रत्येकाची वैयक्तिक उद्दिष्टे वेगळी असतात आणि ती सगळी एका वेळी साधतील अशी रचनाच नसते. एकाला एखाद्या कॅम्पवर जास्त थांबण्यात फायदा असतो, तर दुसऱ्याला लवकर पुढे जाण्यात. रॉबर्टो यांनी मे १९९६ मधल्या त्या एव्हरेस्ट दुर्घटनेचाही अभ्यास केला होता, जिच्यात एका वादळात आठ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. अनुभवी माणसांच्या संघातही शंका मनातच का राहतात, हा प्रश्न तिथेही होताच.

माहिती दडून राहते ती कोणी मुद्दाम दडवतो म्हणून नव्हे. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार-चार जणांच्या गटांना काही उमेदवारांतून एक निवडायला सांगितले होते. सर्वांत चांगल्या उमेदवाराविषयीची अनुकूल माहिती सदस्यांत विखरून दिली, तेव्हा बहुतेक गटांना तो उमेदवार ओळखता आला नाही, कारण चर्चा मुख्यतः सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच होत राहिली. जे सगळ्यांच्या कागदावर आहे त्याला मान डोलावणारे लगेच भेटतात. जे एकट्याच्याच कागदावर आहे ते बोलताना माणूस चाचरतो. मी निरीक्षक असताना एका गटात नेत्याच्या भूमिकेत स्वतःची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) चालवणारे एक गृहस्थ होते आणि इचलकरंजीहून जोडलेली एक विद्यार्थिनी छायाचित्रकार होती. चर्चा रंगात आली असताना ती म्हणाली, ‘‘माझ्या कागदावर जरा वेगळं दिसतंय, पण असू दे.’’ त्यावर नेत्यांनी मनापासून विचारले, ‘‘म्हणजे काय गं?’’ एवढ्यात तिसऱ्या एकाने, ‘‘मग जायचं नव्हं वरच्या कॅम्पला? टाका सबमिट,’’ असे म्हणून विषय पुढे ढकलला आणि प्रश्न तसाच हवेत राहिला. दोन फेऱ्यांनंतर गटाला जो फटका बसला, त्याचे कारण तिच्या कागदावरच्या त्या न वाचलेल्या ओळीत होते. ती ओळ मी इथे सांगत नाही, कारण पुढच्या तुकडीलाही हेच सिम्युलेशन करायचे आहे आणि उत्तर आधी कळले तर त्यात काहीच उरत नाही.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, सुरुवातीला कोणीही मत देऊ नये. ‘आपण आज पुढे जाऊ’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत उच्चारले गेले की उरलेली चर्चा त्या वाक्याच्या बाजूने किंवा विरुद्ध होते, आणि ज्याची माहिती कोणत्याच बाजूला बसत नाही तो गप्प राहतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा, आकड्यांसकट, वाचून दाखवावा. आपल्याला महत्त्वाचे वाटते तेवढेच निवडून सांगू नये, कारण काय महत्त्वाचे आहे हे इतरांचे ऐकल्याशिवाय कळतच नाही. एकाने सामायिक शीटवर भूमिकांचे स्तंभ आणि विषयांच्या ओळी आखून ती माहिती भरत जावी. रिकामे राहिलेले घर दिसले की विचारणे सोपे जाते. याला वेळ लागतो आणि पहिल्या फेरीत ते कंटाळवाणेही वाटते. घड्याळाकडे पाहून अस्वस्थ होणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. वैयक्तिक उद्दिष्टेही याच वेळी उघड करावीत. आपल्या गुणांसाठी आपल्याला कुठे थांबायचे आहे हे सांगणे स्वार्थीपणाचे वाटून अनेक जण ते मोघम ठेवतात आणि मग दुसऱ्याच कारणांचा आधार घेऊन त्याच कॅम्पवर थांबण्याचा आग्रह धरतात, ज्यामुळे गट नसलेल्या कारणांवर वाद घालत बसतो.

आपल्याकडे आणखी दोन अडसर असतात. सिम्युलेशनचा सारा मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे गट नकळत इंग्रजीतच बोलू लागतो, आणि गडहिंग्लज-राधानगरीकडून मराठी माध्यमातून आलेली मुले, ज्यांना मजकूर नीट समजलेला असतो, ती बोलताना मात्र एका वाक्यात आटोपतात. मराठीत बोलायचे, आकडे आणि पडद्यावरचे शब्द इंग्रजीतच राहू द्यायचे, असे सुरुवातीलाच ठरवलेल्या गटांत अशी मुले पुष्कळ बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्राध्यापकांची हरकत असेल अशी भीती असते, पण एकदा विचारून तर पाहावे. दुसरा अडसर वयाचा आणि हुद्द्याचा. नोकरी-धंदा सांभाळून शिकणारे लोक गटात असले की बाकीचे त्यांना ‘साहेब’ म्हणू लागतात, आणि साहेबांचे म्हणणे खोडायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. एडमंडसन यांनी एका उत्पादक कंपनीतील ५१ संघांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात शंका विचारली किंवा चूक बोलून दाखवली तर आपला अपमान होणार नाही असा विश्वास असलेल्या संघांत शिकण्याची वृत्ती अधिक आढळली. हा विश्वास भाषणाने येत नाही. ज्येष्ठ सदस्याने स्वतःचा कल शेवटी सांगायचा आणि आधी सर्वांत धाकट्याला बोलायला लावायचे, एवढ्याने पुष्कळ काम होते.

सगळीच सिम्युलेशन्स बोलण्याची मोकळीक देत नाहीत. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये १९६० च्या सुमारास तयार झालेला बिअर गेम आता ऑनलाइनही खेळला जातो. त्यात बिअरचा किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी साखळी असते आणि कोणी कोणाशी बोलायचे नसते. फक्त दर आठवड्याला वरच्या कडीकडे ऑर्डर पाठवायची. ऑर्डर पोहोचायला आणि माल यायला मिळून साधारण चार आठवडे जातात. शिल्लक मालाला पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि थकलेल्या ऑर्डरला एक डॉलर खर्च पडतो. मूळ खेळात ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ पेट्या असते, पाचव्या आठवड्यापासून ती ८ होते आणि शेवटपर्यंत तितकीच राहते. हे पाठ्यपुस्तकांतूनच छापलेले असल्यामुळे सांगायला हरकत नाही. एवढ्याशा बदलाने कारखान्यापर्यंत पोहोचणाऱ्या ऑर्डरी कित्येक पटींनी फुगतात आणि मग एकदम आटतात. जॉन स्टरमन यांच्या १९८९ च्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वाहन कंपनीचे शेड्यूल (सुट्या भागांच्या मागणीचे वेळापत्रक) वाढले की तो पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि स्क्रॅप भरून ठेवतो, आणि माल आवारात येऊन पडतो तेव्हा शेड्यूल कापल्याचा मेल आलेला असतो. नवख्या खेळाडूने एवढेच सांभाळावे की आधी दिलेली पण अजून न आलेली ऑर्डर कागदावर लिहून ठेवायची आणि नवी ऑर्डर देताना ती वजा करायची. घाबरून तीच मागणी पुन्हा पुन्हा नोंदवणारे गटच बहुतेक वेळा बुडतात.

सरावासाठी तयार सिम्युलेशनचे पैसे भरण्याची गरज नाही. आमच्याकडे पुराचा प्रश्न हाताशी आहे आणि त्यातली माहिती मुळातच विखुरलेली असते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात, त्यामुळे तिथला विसर्ग कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. पुढे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडले जाते हा वेगळा, त्या राज्याशी समन्वयाचा भाग. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेल्याने शहराचा पुरवठा अडला होता. आता पाच कागद करावेत : एकावर पाणलोट क्षेत्रातला पाऊस, दुसऱ्यावर धरणसाठा, तिसऱ्यावर बंधाऱ्याची दर तीन तासांची पातळी, चौथ्यावर रस्त्यांची स्थिती, पाचव्यावर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली जनावरे व उपलब्ध वाहने. आकडे काल्पनिक घ्यावेत, पण असे रचावेत की कोणताही एक कागद पाहून घाई दिसू नये आणि पाचही एकत्र केल्यावर जनावरे आज रात्रीच हलवायला हवीत हे उघड व्हावे. कागद व्हॉट्सॲपवर ज्याचे त्याला पाठवून व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात निर्णय घ्यायचा. कागद रचणाऱ्याने स्वतः खेळू नये. कोणाची कोणती माहिती कितव्या मिनिटाला बाहेर आली, एवढेच लिहून ठेवावे. असे टिपण समोर ठेवले की गटाला निराळे काही समजावून सांगावे लागत नाही. शिवाय पुराची भाषा सगळ्यांना घरची असल्यामुळे इंग्रजीचा अडसरही राहत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. पावसाळ्यात वीज आणि नेट या दोहोंवर भरवसा ठेवू नये. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आधी जोडून पाहिलेला असावा. बहुतेक सिम्युलेशनमध्ये प्रत्येकाने आपापला निर्णय नोंदवल्याशिवाय फेरी पुढे सरकत नाही, म्हणून एकाचे कनेक्शन गेले तर त्याच्याशी फोनवर बोलायचे कोणी, हे आधी ठरवावे. सबमिट करण्यापूर्वी प्रत्येकाने आपण काय निवडले आहे ते मोठ्याने म्हणावे. ठरले एक आणि दाबले दुसरे, असे घडते.

शेवटी डीब्रीफिंग, म्हणजे काय घडले यावर प्राध्यापकांसोबत चर्चा, असते आणि त्यानंतर बहुधा एक लेखी अहवाल द्यावा लागतो. गुणपत्रक आले की गट पांगतात, पण प्राध्यापकांचे लक्ष अंतिम गुणांपेक्षा या अहवालाकडे अधिक असते. त्यात ‘आम्ही उत्तम सहकार्य केले’ छापाची वाक्ये भरू नयेत. एकच फेरी घ्यावी, तेव्हा कोणाकडे काय माहिती होती, कोणी काय विचारले, काय विचारायचे राहिले, हे क्रमाने लिहावे. लॉगिनची मुदत संपल्यावर जुने पडदे पुन्हा दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर स्क्रीनशॉट काढून सामायिक फोल्डरमध्ये टाकण्याचे काम एका सदस्याकडे नावानिशी द्यावे. नोकरीच्या मुलाखतीतही हीच सामग्री कामाला येते. गट कितवा आला, हे सांगून विषय तिथेच संपतो. एखाद्या फेरीतला पेच आणि तो सुटला किंवा सुटला नाही ते नेमके कशामुळे, हे सांगितले की मुलाखत घेणारे पुढचे प्रश्न त्यावरच विचारतात.