राष्ट्रीय ऑटोक्रॉस फेरीसाठी नागपुरात मैदान कसं निवडाल?

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी लावलेली गाड्यांची शर्यत. त्यासाठी मैदान किती मोठं हे नंतर बघा, आधी माती बघा. चार-पाच ठिकाणी फूटभर खणा. काळी माती लागली तर सावध व्हा: पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि वळणावर चाकं खोल चर पाडतात. अशा जागी मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवावाच लागतो. हा खर्च झेपत नसेल तर जागा सोडा. मुरमाड जमीन मिळाली तर निम्मं काम झालं. पाणी आदल्या रात्री मारा. ऐनवेळी टँकर फिरवला की वरचा थर निसरडा, खाली कोरडं, आणि थोड्याच वेळात पुन्हा धूळ!

प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नकोत; घसरलेली गाडी तिकडेच जाते. रुग्णवाहिकेला वेगळं फाटक हवं. मे महिना नकोच, पारा ४५च्या घरात जातो, डिसेंबर-जानेवारी उत्तम.

जागामालकाचं लेखी संमतीपत्र घेऊनच एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था) परवानगीच्या मागे लागा. एकदा मिळालेला यजमानपदाचा मान कायमचा समजू नका: अमेरिकेत नॅसकार या कार शर्यतींच्या मालिकेची हंगामातली अंतिम शर्यत २००२ ते २०१९ होमस्टेडला होती, २०२०मध्ये फिनिक्सला गेली.