मोंढ्यातल्या पट्टीनं शिकवलेलं बॅकएंड

दिवाळीला परभणीला गेले की नात्यातली, गल्लीतली पोरं भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, जावा करू, पायथन करू की नोड?" बॅकएंडमध्ये, म्हणजे ॲप किंवा वेबसाइटच्या पडद्यामागे सर्व्हर आणि डेटाबेसवर चालणाऱ्या भागात, मला आता नऊ वर्षं होतील. तीन नोकऱ्या झाल्या, कोड लिहायची भाषा दोनदा बदलली, पण माझं उत्तर बदललेलं नाही. भाषा कुठलीही एक धरा, आणि ज्यावर कुणाचा तरी रोजचा हिशोब चालतो असं काहीतरी त्यात बनवा.

माझ्यासाठी ते मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, मामाचं आडत दुकान होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात मी त्याला पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची मालाच्या हिशोबाची पावती, काढायचं सॉफ्टवेअर करून दिलं. शेतकऱ्याचा माल, वजन, दर, हमाली, तोलाई भरायची आणि बटण दाबलं की पट्टी छापून हातात. पहिले आठ दिवस मामा येईल त्याला कौतुकानं दाखवायचा.

नवव्या दिवशी संध्याकाळी रोजमेळ जुळेना. नऊ क्विंटल सोयाबीन, ४,६०० चा दर, म्हणजे ४१,४०० रुपये. शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा झाली होती, पण खरेदीदाराच्या नावे काहीच पडलं नव्हतं. हिशोब ठेवणाऱ्या दिवाणजींनी वही उघडून बोट ठेवलं: दुपारी लाईट गेली तेव्हाचीच ही पट्टी. माझ्या कोडमध्ये जमा, नावे आणि हमाली या तीन नोंदी एकामागून एक, सुट्या सुट्या जात होत्या. पहिली झाली आणि लाईट गेली. मामा एवढंच म्हणाला, "बाई, वहीत आम्ही जमा लिहिली की नावे लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवत नाही."

डेटाबेसमध्ये याला ट्रान्झॅक्शन म्हणतात: सगळ्या नोंदी एकत्र होतात, नाहीतर एकही होत नाही. त्याची याहून चांगली व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही. परीक्षेत मी ॲसिडचे, म्हणजे ट्रान्झॅक्शन अर्धवट न राहणं, नियम न मोडणं, एकमेकांत न मिसळणं आणि झालेली नोंद टिकणं हे, चारही गुणधर्म पाठ लिहिले होते आणि पूर्ण मार्क घेतले होते. त्यांचा अर्थ त्या संध्याकाळी कळला. तुम्हीही हे डोळ्यांनी पाहा. पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका, दोन टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडक्या, शेजारी उघडा. एकात 'बिगिन' करून, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करून, एखाद्या खात्याची रक्कम बदला. दुसऱ्यात तेच खातं वाचा, जुनीच रक्कम दिसेल. पहिल्यात 'कमिट' करा, म्हणजे बदल पक्का करा, आणि दुसऱ्यात पुन्हा वाचा. मग हेच पुन्हा करा, पण कमिटच्या आधी पहिलं टर्मिनल बंद करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढच्या कितीतरी मुलाखतींत हाच अर्धा तास उपयोगी पडतो.

त्याच हंगामात दुसरी भानगड झाली. नेट अडकलं म्हणून दिवाणजींनी बटण पुन्हा दाबलं आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या निघाल्या. यावर उपाय असा केला: पट्टी भरायला घेताच स्क्रीनवरच एक वेगळा क्रमांक तयार होतो, टेबलमध्ये त्याला युनिक अट आहे, म्हणजे तो दोनदा चालत नाही, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत जातं. पुढे पेमेंटच्या कामात हीच गोष्ट आयडेम्पोटन्सी या नावानं भेटली. तेव्हा ती ओळखीची वाटली.

पैशांसाठी फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे ठेवणारा आकड्यांचा प्रकार, वापरू नका. एका कट्ट्याची, म्हणजे पोत्याची, हमाली ४ रुपये ३५ पैसे धरली आणि जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ ला १०० नं गुणलं, तर ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. अपूर्णांक छाटला की कट्ट्यामागे एक पैसा गेला. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा, नाहीतर डेटाबेसचा न्यूमरिक प्रकार वापरा. वेळेचंही तसंच. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो, आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून पहाटे चारला आलेल्या गाडीची आवक आदल्या दिवशी पडते. शेतकऱ्यांना मराठीत एसएमएस पाठवायचे असतील तर आणखी एक लक्षात ठेवा: रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. तीही संगणकाच्या मोजणीनं. 'मोंढा' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्याला ती पाच आहेत.

पुण्यातल्या पहिल्या कंपनीनं दोन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतला आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या. त्या परत मिळवायला मला चार महिने खेटे घालावे लागले. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, कितीही गरज असली तरी. पगार २२,००० होता आणि काम दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्याचं. पण त्या दोन वर्षांत लॉग, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी, वाचायची सवय लागली, ती जन्माची.

तिथलीच एक गोष्ट. ४० लाख नोंदींच्या टेबलवरचा रिपोर्ट उघडायला चार सेकंद लागत. सगळे म्हणत होते, सर्व्हर वाढवा. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. ती आतून कशी चालते हे दाखवणारं 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' मी क्वेरीपुढे लावून पाहिलं, तर तारखेवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी शोधायची सोय, असूनही सीक्वेन्शियल स्कॅन होत होता, म्हणजे अख्खं टेबल चाळलं जात होतं. कारण क्वेरीत तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावलं होतं, आणि मग साधा इंडेक्स कामाला येत नाही. फंक्शन काढून 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंत' अशी अट लिहिली. रिपोर्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत आला. दुसऱ्या दिवशी टीममधल्या एका सिनियर मॅडमनी मला शेजारी बसवून घेतलं आणि त्यानंतर माझं प्रत्येक कोड त्या स्वतः तपासत गेल्या. पुढची नोकरी त्यांच्या शब्दावर मिळाली.

फ्रेमवर्क, म्हणजे कोड लिहायचे तयार सांगाडे, मागे पडतात. रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं, ॲसिड हे नाव १९८३ चं आहे. दोन्ही माझ्या जन्माआधीची आणि रोजच्या कामात आजही तीच लागतात. अभ्यासाचा वेळ कुठे घालायचा हे यावरून ठरवा.

इंग्रजीची भीती मला ठाऊक आहे, मुलाखतीत माझाही घसा कोरडा पडायचा. मी एकच केलं: पट्टीची गोष्ट इंग्रजीत लिहून काढली. काय मोडलं, कसं कळलं, काय बदललं, आता पुन्हा मोडेल का. आरशासमोर नाही, मैत्रिणीसमोर वीस वेळा सांगितली. व्याकरण चुकलं तरी स्वतः दुरुस्त केलेली गोष्ट सांगताना माणूस अडखळत नाही.

मामेभाऊ आता बारावीनंतर डिप्लोमाला आहे आणि दुकानाचं सॉफ्टवेअर तोच बघतो. परवा त्याचा फोन आला, हंगामाचा रिपोर्ट उघडायला वेळ लागतोय म्हणून. उत्तर सांगितलं नाही. एक्स्प्लेन लाव आणि जे दिसेल ते मला वाचून दाखव, असं सांगितलंय. रविवारी तो फोन करणार आहे.