जीसीसीचे ऑप्शन समजून घ्यायचेत? आधी कुठला ऑप्शन कोणासाठी आहे ते बघा

महाराष्ट्रातल्या कितीतरी जणांनी कॉलेजात सी शिकताना टर्बो सीची ती निळी स्क्रीन वापरलीय, ऑल्ट एफ9 दाबलं की कंपाइल आणि कंट्रोल एफ9 दाबलं की रन, त्यामुळे मधे काय होतं ते बघायची वेळच येत नाही. मग पुढे लिनक्सवर बसलो की समोर टर्मिनल आणि कोणीतरी पाठवलेली लांबलचक जीसीसीची (लिनक्सवरच्या सी कंपाइलरची) कमांड, नुसते डॅशच डॅश, म्हणजेच ऑप्शन. कॉपी पेस्ट केली की चालते, पण ज्या दिवशी नाही चालत त्या दिवशी त्यातलं काय बदलायचं ते कळत नाही.

मी नवीन मुलांना शिकवताना ऑप्शन पाठ करू देत नाही, आधी विचारतो की हा ऑप्शन कोणासाठी आहे. कारण जीसीसी म्हणजे एक प्रोग्रॅम नाही, ती एकामागून एक कामं करून घेणारी कमांड आहे, आणि बहुतेक ऑप्शन त्यातल्या कुठल्यातरी टप्प्यासाठी असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, इथे मी ऑप्शन बोलताना उच्चारतो तसेच लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या आणि कॅपिटल स्मॉलकडे नीट लक्ष द्या. छोटा ओ वेगळा, मोठा ओ पूर्ण वेगळा. ऑप्शनमधे "बरोबर" म्हटलं की = चिन्ह.

पायरी 1: चार टप्पे डोळ्यांनी बघा

समजा चक्रवाढ व्याज काढणारा छोटा प्रोग्रॅम आहे, फाइलचं नाव व्याज.सी. नुसतं "जीसीसी व्याज.सी" दिलं की ए.आउट नावाची फाइल तयार होते (हे नाव असेंब्लरच्या जुन्या जमान्यातलं आहे, तेच चालत आलंय). पण मधे चार कामं झालेली असतात. प्रीप्रोसेसर हॅश इन्क्लुड आणि हॅश डिफाइन उलगडतो, मग खरा कंपाइलर सीचं असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना अक्षरांत) करतो, असेंब्लर त्याची ऑब्जेक्ट फाइल (मशीन कोडचा तुकडा) बनवतो आणि शेवटी लिंकर सगळे तुकडे जोडून चालवता येईल अशी फाइल देतो.

हे बघायला तीन ऑप्शन आहेत. डॅश मोठा ई दिला की काम प्रीप्रोसेसरपाशी थांबतं, आणि तुमच्या दहा ओळींच्या प्रोग्रॅमच्या शेकडो ओळी स्क्रीनवरून धावतात, त्या सगळ्या हॅश इन्क्लुडने घेतलेल्या हेडर फाइलमधून आलेल्या. डॅश मोठा एस दिला की असेंब्लीपाशी थांबतं. डॅश छोटा सी दिला की ऑब्जेक्ट फाइल होते, लिंकिंग होत नाही. एकदा तरी हे तिन्ही स्वतः टाइप करून बघा, वाचून तेवढं समजत नाही.

पायरी 2: आउटपुटला नाव द्या, पण जपून

डॅश छोटा ओ आणि त्याच्या लगेच पुढे नाव: "जीसीसी व्याज.सी -ओ व्याज". ओच्या पुढचा शब्द म्हणजे आउटपुट, एवढं मनात घट्ट बसू द्या. कारण दोन फाइली असताना घाईत टॅब दाबून ओच्या पुढे चुकून दुसरी सोर्स फाइल आली तर जीसीसी काही न विचारता त्या फाइलवर बायनरी लिहून टाकतो. आमच्याकडे एका मुलीची दोन दिवसांची फाइल अशीच गेली, गिट (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) नव्हतं, परत सगळं लिहावं लागलं. म्हणून आउटपुटच्या नावाला .सी कधीच नको.

पायरी 3: वॉर्निंग चालू करा, आणि हे पहिल्या दिवसापासून

डॅश, मोठा डब्ल्यू, मग जोडून ऑल. हा ऑप्शन नसेल तर कंपाइलर बऱ्याच चुका बघूनही गप्प बसतो, आणि सी शिकणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं असं मला मनापासून वाटतं. इफमधे दोन बरोबरच्या ऐवजी एकच बरोबर टाकलं, स्कॅनएफमधे अँपरसँड विसरलात, व्हेरिएबल घेतलं आणि वापरलंच नाही, हे सगळं तो ओळ नंबरसकट सांगतो. नावात ऑल असलं तरी सगळ्या वॉर्निंग त्यात येत नाहीत, म्हणून सोबत डब्ल्यू एक्स्ट्रा पण द्या. डब्ल्यू एररने प्रत्येक वॉर्निंगची एरर होते. स्वतःपुरता वापरायला हा छान, पण कोड दुसऱ्यांना देताना काढून टाका, कारण कंपाइलरच्या नव्या व्हर्जनमधे नव्या वॉर्निंग येतात आणि मग त्यांच्याकडे चांगला कोडसुद्धा अडतो.

पायरी 4: लिंकरची एरर ओळखा

यावर थोडं जास्त बोलतो कारण सगळे इथेच अडकतात. व्याजाच्या प्रोग्रॅममधे पॉव (घात काढणारं) फंक्शन आहे, मॅथचं हेडर वर घेतलंय, तरी लिनक्सवर एरर येते की अनडिफाइन्ड रेफरन्स टू पॉव. मुलं परत परत हेडर तपासतात, पण हेडर म्हणजे फक्त ओळख, फंक्शनचा खरा कोड वेगळ्या लायब्ररीत आहे आणि ती शोधणारा लिंकर आहे. अनडिफाइन्ड रेफरन्स दिसलं की समजायचं, कंपाइलरचं काम झालंय, लिंकरला काहीतरी कमी पडतंय. उपाय म्हणजे डॅश छोटा एल आणि जोडून एम, आणि तो कमांडच्या शेवटी, सोर्स फाइलच्या नंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, लायब्ररी आधी आली तर तेव्हा कोणालाच तिची गरज नसते आणि तो पुढे निघून जातो.

यातली गोंधळाची जागा अशी की पॉवला थेट 2 आणि 3 असे आकडे दिले तर एलएम शिवाय पण चालतं! कारण उत्तर कंपाइलरनेच आधी काढून ठेवलेलं असतं, लायब्ररी लागतच नाही. युझरकडून रक्कम घेतली की मग एरर. "काल तर चालत होतं" याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

हेडर दुसऱ्या फोल्डरमधे असेल तर डॅश मोठा आय आणि फोल्डरचं नाव, लायब्ररी दुसरीकडे असेल तर डॅश मोठा एल. पहिला प्रीप्रोसेसरसाठी, दुसरा लिंकरसाठी. टर्बो सीमधल्या कोनिओ.एचसाठी नो सच फाइल असं आलं तर मात्र मोठा आय देऊन उपयोग नाही, ते हेडर लिनक्सवर येतच नाही, कोडमधून काढा आणि त्यातलं गेटसीएच फंक्शन पण काढा.

पायरी 5: बग शोधायचाय की वेग हवाय

डॅश छोटा जी दिला की जीडीबीला (बग शोधायच्या डीबगरला) ओळ नंबर आणि व्हेरिएबलची नावं मिळतात. डॅश मोठा ओ आणि आकडा म्हणजे ऑप्टिमायझेशन, प्रोग्रॅम वेगवान करणं: 0 म्हणजे काही नाही, काही दिलं नाही तर हेच असतं, 2 बहुतेक कामांना पुरतं, 3 ने फायदा होईलच असं नाही, मोजून बघा. जी आणि ओ2 एकत्र चालतात, पण मग जीडीबीमधे व्हेरिएबल बघायला गेलं की ऑप्टिमाइझ्ड आउट दिसतं, त्यामुळे बग शोधताना ओ0 किंवा मोठा ओ छोटा जी. हा ओजी, आणि डॅश एफसॅनिटाइझ बरोबर ॲड्रेस, हे दोन्ही जीसीसी 4.8 मधे 2013 साली आले. दहाच्या ॲरेत अकराव्या जागी लिहिलंत तर हा सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) प्रोग्रॅम तिथेच थांबवतो आणि जी दिलेला असेल तर ओळ पण दाखवतो.

पायरी 6: सी कुठलं ते सांगा

डॅश एसटीडी बरोबर सी11 किंवा सी17, म्हणजे सी भाषेची कुठली आवृत्ती धरायची ते. हे न सांगता सोडलं तर कंपाइलरच्या व्हर्जनप्रमाणे अर्थ बदलतो. जीसीसी 5 च्या आधी फॉरच्या कंसातच इंट आय लिहिलं की एरर यायची, आणि 2025 मधे आलेला जीसीसी 15 न सांगता सी23 धरतो, त्यामुळे ज्या जुन्या कोडमधे बूल नावाचा टाइप स्वतः बनवलाय तो तिथे अडतो.

सगळं मिळून रोजची कमांड अशी होते: जीसीसी, एसटीडी सी17, डब्ल्यू ऑल, डब्ल्यू एक्स्ट्रा, छोटा जी, मग व्याज.सी, छोटा ओ व्याज, शेवटी एलएम. मॅकवर जीसीसी टाइप केलं की बहुतेक वेळा आतून क्लँग हा दुसरा कंपाइलर चालतो, पण या कमांडमधले सगळे ऑप्शन त्यालाही कळतात.

कोणी पाठवलेल्या कमांडमधे अनोळखी ऑप्शन दिसला तर जीसीसीलाच विचारा, डॅश डॅश हेल्प बरोबर वॉर्निंग्ज दिलं की वॉर्निंगची पूर्ण यादी येते. आणि ओ2 नक्की काय काय चालू करतं ते बघायचं असेल तर डॅश मोठा क्यू, ओ2, आणि डॅश डॅश हेल्प बरोबर ऑप्टिमायझर्स द्या, मग तेच ओ0 ला करा आणि दोन याद्या शेजारी ठेवून वाचा.