नव्या इमारतीत दुकानाचा गाळा घेताय? या चुका टाळा

दसऱ्याला किंवा पाडव्याला शटर उघडायचंच, असं ठरवून लोक माझ्याकडे येतात. दुकानाच्या आतलं काम, म्हणजे फर्निचर, लायटिंग, फॉल्स सीलिंग, बोर्ड, हे करून देणं हा माझा धंदा. वाकड, रावेत, बाणेर, इकडे वाघोली, मांजरी. पुण्याच्या कडेला जिथे टॉवर उभे राहिले तिथे आमची कामं झाली. आधी मुहूर्त, मग गाळा, मग करार आणि सगळ्यात शेवटी कागदपत्रं, हा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. तो नेमका उलटा हवा. लोक माझ्यापर्यंत येतात तोवर टोकन गेलेलं असतं, अनामत दिलेली असते. मग माप घेताना मला दिसतंय ते बोलूनही उपयोग नसतो. म्हणून आधीच लिहितोय.

बुकिंग मोजलं, बिऱ्हाडं मोजली नाहीत

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती फुकटात टाळता येते.

एजंट सांगतो, "चार टॉवर आहेत, सगळे फ्लॅट विकले गेलेत, खाली एकच जनरल स्टोअर आहे." तो खोटं बोलत नसतो. पण फ्लॅट विकला जाणं आणि त्यात संसार सुरू होणं, यांत वर्षं जातात. कुणी गुंतवणूक म्हणून घेतलेला असतो. कुणी परदेशात असतो. कुणाच्या मुलीची दहावी व्हायची असते, तोवर ते कोथरूड सोडत नाहीत. कुणी भाडेकरू शोधत असतो आणि सोसायटी बॅचलर मुलांना घेऊ देत नाही. या बंद दारांना दूध लागत नाही, इस्त्री लागत नाही, केक लागत नाही. तुमचं भाडं मात्र पहिल्या तारखेला द्यावंच लागतं.

एका ताईंनी अशाच संकुलात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढलं. माल निवडक, बाई बोलायला गोड, हिशोबाला पक्क्या. तीन टॉवरपैकी एकाच टॉवरमध्ये वस्ती होती, आणि त्यातही बरीचशी मंडळी मुलं मोठी झालेली. पहिला पावसाळा त्यांनी कसाबसा काढला. दिवाळीला आणलेला माल उरला, लहान मापांचे कपडे पुढच्या वर्षी जुने दिसायला लागले. करारात लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा न सोडण्याची अट, असल्यामुळे सोडूनही जाता येईना. ज्या महिन्यात त्यांनी दुकान बंद केलं, त्यानंतर वर्षभरातच दुसरा टॉवर भरला. जागा चुकीची नव्हती, वेळ चुकली होती.

माझी सवय सांगतो. गाळा बघायला मी गिऱ्हाइकाला रात्री साडेआठला बोलावतो, तेही मंगळवारी किंवा बुधवारी. समोर उभं राहून दिवे लागलेल्या खिडक्या मोजायच्या; जिना आणि लॉबीचे दिवे सोडून. मग रविवारी सकाळी यायचं आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे बघायचे. शाळेचे गणवेश किती, लहान बाळांचे कपडे किती, हेही त्यात कळतं. पेपरवाल्याला विचारायचं, दूधवाल्याला विचारायचं. सगळ्यात पक्का आकडा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा उचलणाऱ्या ताईंकडे असतो. त्यांना घरटी पैसे मिळतात, त्यामुळे रोज कुठल्या दारातून कचरा येतो हे त्यांना पाठ असतं. एजंटच्या पत्रकापेक्षा मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

नवशिक्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, "एवढा वेळ कुठे आहे, गाळा हातचा जाईल." जाऊ द्या. कडेच्या भागात रस्त्यावर फेरी मारा, 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या किती लटकल्यात ते दिसेल.

"ओसी आहे" एवढ्यावर समाधान

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारत वापरायला महापालिकेनं दिलेली परवानगी), विचारायचं हे आता बऱ्याच जणांना कळतं. चांगली गोष्ट आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, याच धर्तीची अट आहे: पूर्णत्वाचा दाखला लागत असेल तर तो मिळेपर्यंत बिल्डरनं ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानं घ्यायचाही नाही. त्या कायद्यात 'फ्लॅट' म्हणजे फक्त घर नव्हे. दुकान, ऑफिस, गोदाम सगळं येतं. पण ओसी आहे म्हणजे तुमचा गाळा त्यात आहे, असं नसतं. इथे लोक फसतात.

दोघे चुलतभाऊ. नाश्त्याचं हॉटेल काढायचं होतं. थोरल्यानं नोकरी सोडलेली, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून भांडवल उभं केलेलं. गाळा रस्त्याला लागून, चौकापासून हाकेच्या अंतरावर, भाडं आजूबाजूच्या मानानं कमी. मालकानं ओसीची झेरॉक्स दाखवली, ती खरी होती. मी म्हटलं, मंजूर नकाशा मागा. थोरला म्हणाला, "दादा, ओसी आहे म्हटल्यावर नकाशा कशाला? दसरा तोंडावर आलाय." मी काम घेतलं नाही. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं, आणि दसऱ्याला पूजा झाली.

पुढचं मला कळलं ते सामान हलवायला बोलावलं तेव्हा. तळणाचा धूर वरच्या मजल्यांवर जायला लागला, रहिवाशांनी तक्रार केली, सोसायटीच्या कमिटीतल्या एकानं मंजूर नकाशा काढून आणला. नकाशात त्या जागी दुकान नव्हतंच. स्टिल्ट पार्किंग होतं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली गाड्यांची जागा. ओसी झाल्यावर विटांच्या दोन भिंती आणि एक शटर घालून पार्किंगचा गाळा केलेला. महापालिकेची नोटीस आली. मालक अनामतीचं नाव काढेना, आणि करार साधा नोटरी केलेला. काउंटर, फ्रिज, टेबलं हलवता आली. टाइल्स, ओटा, धुराची डक्ट, गटाराची लाइन यांत घातलेला पैसा तिथेच राहिला. पोरं मेहनती, आता आतल्या गल्लीत छोट्या जागेत चांगला धंदा करतात, पण जमीन काही परत येणार नाही.

स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली स्पष्ट केलंय. तरीही असे गाळे भाड्यानं दिले जातात, विकलेही जातात.

मी काय करतो? नकाशाची प्रत हातात घेऊन गाळ्यात उभा राहतो. जिन्यापासून खांब मोजत येतो. आपण उभे आहोत त्या चौकोनात 'शॉप' लिहिलंय की 'पार्किंग', ते वाचतो. प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर त्याच्या पानावर मंजूर नकाशे सापडतात; भाडेकरूलाही ते पान उघडता येतं, त्यासाठी खरेदीदार असावं लागत नाही. तिथे नसतील तर मालकाकडे मागा. मालक देत नसेल तर बांधकाम विभागात माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला नियमानं ३० दिवस लागतात. ३० दिवस थांबायची ज्याची तयारी नाही, त्यानं पाच वर्षांचा करार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. ओसी टप्प्याटप्प्यानं मिळते. 'ए' आणि 'बी' विंगची आलेली असते, दुकानांची राहिलेली असते. कागदावर विंग आणि मजला वाचा.

समोरची मोकळी जागा आपली समजणं

गाळ्यापुढे दहा-बारा फूट फरसबंदी दिसते. मालक म्हणतो, "इथे चार टेबलं सहज बसतील," आणि त्या हिशोबानं भाडं सांगतो. ती जागा म्हणजे फ्रंट मार्जिन. नकाशात ती मोकळी सोडलेली आहे म्हणूनच इमारतीला परवानगी मिळालीय. तिथे पत्र्याची शेड टाकली की अतिक्रमणवाले आज ना उद्या येतात. पुण्यात फ्रंट आणि साइड मार्जिनमधल्या शेडवर कारवाईच्या बातम्या सतत येतात, तरी लोक मला पहिल्या भेटीत शेडचाच दर विचारतात. मी शेड करत नाही. ज्याचा धंदा आतल्या जागेत बसत नाही, त्यानं मोठा गाळा बघावा.

रस्ता बघितला, रस्त्याचं भविष्य बघितलं नाही

रस्ता वाहता आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे, असं नाही. गाडी थांबायला हवी. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला, नवीन रचना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, आणि त्यानंतर तो रस्ता वर्षानुवर्षं खोदलेला राहिला. पूल झाल्यावर गाड्या वरून जातात आणि रॅम्पच्या बाजूच्या दुकानांपुढे थांबायला जागा उरत नाही. विकास आराखड्यात तुमचा रस्ता किती रुंद दाखवलाय, रुंदीकरण कुठल्या बाजूला आहे, हे विचारा. मेट्रो स्टेशन जवळ असेल तर जिना कुठल्या फुटपाथवर उतरतो ते बघा. समोरच्या बाजूला उतरत असेल तर स्टेशनचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. हद्द एका आदेशानं वाढते, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन तशी येत नाही. हॉटेल, पार्लर, लाँड्री काढणाऱ्यांनी टँकरचा खर्च आधी विचारावा.

भाड्याचा फूट आणि वापरायचा फूट

४५० फूट सांगतात, आत टेप लावला की ३०० भरतो. ८० रुपये फुटानं ३६,००० भाडं ठरलं, तर खरा दर पडला १२० रुपये. शेजारच्या गाळ्याशी तुलना कार्पेटवरच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवरच, करा. टेप स्वतःचा न्या. खांब किती जागा खातो ते मोजा. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे.

विकत घेणाऱ्यांसाठी एकच ओळ: करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, रेरा कायद्यातच लिहिलंय.

नोटरीवर भागवणं

"दोनच वर्षांचा तर आहे, नोटरी करू," हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्च तरी किती? महिना ४०,००० भाडं, तीन वर्षं, अनामत २ लाख. एकूण भाडं १४ लाख ४० हजार, अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ६० हजार, मिळून १५ लाख. त्यावर ०.२५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये मुद्रांक शुल्क, आणि शहरात १,००० नोंदणी फी. एवढे वाचवायला लोक दोन लाखांची अनामत उघड्यावर ठेवतात.

करारात माझ्या आग्रहाच्या गोष्टी: आतलं काम चालू असताना भाडं नाही; लॉक-इन दोघांनाही, फक्त भाडेकरूला नाही; अनामत परत करायची तारीख; आणि बोर्ड कुठे, केवढा लावायचा ते लिहून. दुकानदाराला शेवटची गोष्ट कधीच सुचत नाही. मग वरच्या मजल्यावरचा जिमवाला आपला बोर्ड तुमच्या शटरच्या डोक्यावर लावतो. बोर्ड बनवताना नाव मराठीत, देवनागरीत हवं. दुकान कायद्यात ते सक्तीचं आहे, उगाच दोनदा खर्च करू नका.

उरलेल्या, पण महागात पडणाऱ्या

एसीचं बाहेरचं युनिट कुठे बसणार, हे फॉल्स सीलिंगच्या आधी ठरवा.

हॉटेलवाल्यांनी धुराच्या डक्टची जागा गच्चीपर्यंत बघावी. जागा नसेल तर तो गाळा हॉटेलसाठी नाही, तिथे पुस्तकं-वह्या विका.

आगीची साधनं बसवून विसरू नका. इमारतीनं 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. तो दिलेला आहे का, सोसायटीला विचारा.

वीज. तीन फेज आहे का, आणि मंजूर भार किती किलोवॉट, हे मालकाच्या तोंडून ऐकू नका, महावितरणच्या बिलावर वाचा. बिलावर वर्गवारीही (घरगुती की व्यावसायिक) छापलेली असते. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते, आणि कधीपासून वापर चालू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. भार वाढवायचा अर्ज करार झाला त्याच आठवड्यात टाका. ओव्हन, डीप फ्रीझर, एसी यांच्या पाटीवरचे वॉट एका कागदावर लिहून बेरीज करा आणि तो कागद मला पहिल्या भेटीत द्या. मी वायरची जाडी त्यावरून ठरवतो, अंदाजानं नाही.